सातव्या प्रकरणातली आंघोळ

अंधेरीच्या मेट्रो स्टेशनचा सरकता जिना अर्धा वर गेला असताना चंद्रप्रकाशचा फोन वाजला. नाव न बघताच त्याने तो कानाला लावला. प्रांजलचाच असणार, तिच्या ऑफिसात काहीतरी विसरलो असणार, असं त्याच्या मनात आलं. पण पलीकडचा आवाज वेगळा होता, घोगरा, हसू दाबल्यासारखा. "चंदू, माका कित्याक मारलंस रे?" आवाज ओळखायच्या आधी त्याला बोली ओळखू आली. घरातली ही मालवणी आपल्याशी बोलणारं माणूस आता उरलेलं नाही, असं तो कितीतरी वर्षं धरून चालला होता. जिना संपला आणि पाऊल पुढे टाकायचं राहून गेलं. मागच्या माणसाने "अरे अंकल, चलो ना" म्हणत त्याला हाताने बाजूला सारलं. "कोण, ताई?" त्याने विचारलं. "मीच. तुझ्या पुस्तकातली मेलेली," मालन म्हणाली आणि आता मोकळेपणी हसली. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं, तुला कुठे ठाऊक असणार. मनाली दुपारची वाचून दाखवते. काल वाचता वाचता मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हटलं वाच गं, बघू तरी मी कशी मरते ते. बरं लिहिलंयस हां. मला स्वतःलाच वाईट वाटलं." मागे कुकरची शिट्टी झाली, ती "ठेवते रे" म्हणाली, आणि प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या गाडीचा गार वारा त्याच्या तोंडावर आला.

कातडी बॅग त्याने पोटाशी धरली होती. तिच्यात कादंबरीचं बाड होतं, प्रांजलच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. प्रांजल ही त्याची प्रकाशक, म्हणजे प्रकाशकाची मुलगी; वडील थकल्यावर अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला पुस्तकांचा गाळा तीच बघत होती. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस पहिलीच कादंबरी घेऊन येतो तेव्हा आपल्याकडे कसं बघितलं जाईल याची त्याने बरीच धास्ती घेतली होती, पण तिने सगळं नीट वाचलं होतं. कुठे पसरट झालंय, कुठे संपावरचं भाषण लांबलंय, ते तिने न लाजता सांगितलं होतं. आणि शेवटी बाडावर हात ठेवून म्हणाली होती, "काका, बाकी कुठेही कापा, पण सात नंबरला हात लावू नका. ती शालन जाते ना, ते पुस्तकाचं काळीज आहे. ती नळावरची आंघोळ! आणि सगळे भिजलेत नि आई एकटी कोरडी बसलीय. मी वाचून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले." हे ऐकून तो तिथून निघाला तेव्हा त्याला चक्क तरंगल्यासारखं झालं होतं. नंदकिशोरनेही, त्याच्या जुन्या ऑफिसातल्या सोबत्याने, सातव्याचंच कौतुक केलं होतं. सुहासिनी, त्याची बायको, वाचून झाल्यावर काही बोलली नव्हती, नुसतं "चांगलं आहे" म्हणाली होती; पण ती कशालाच त्याहून जास्त म्हणत नसे. चौथी वाचणारी मनाली, ताईची मुलगी. तिने आपण होऊन मागितलं म्हणून त्याने फाईल पाठवली. ती वकील, मराठी बरं वाचणारी. ती हे घरी, मोठ्याने, आईला वाचून दाखवील हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं म्हणजे पुस्तकातली शालन ही ताईच आणि मनाली तिच्या पोटची आहे, हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मेट्रो घाटकोपरला संपते. तिथून पूल ओलांडून तो मुलुंडची गाडी धरायचा. ताईचं घर पंतनगरला, स्टेशनच्या पूर्वेला उतरलं तर चालत जाण्यासारखं. प्रांजलकडे जाता-येता तो कितीदा इथून गेला होता, आणि दरवेळी पुलावर त्या बाजूचा जिना दिसला की त्याला कसलंतरी काम आठवायचं. भांडण नव्हतं काही. आबा, म्हणजे वडील, गेल्यावर येणं-जाणं सुरू झालं होतं. लग्नाकार्याला ती यायची, खुर्च्यांच्या मागच्या रांगेत दादू खरातांच्या शेजारी बसायची, पाकीट देऊन जेवून जायची. दादू खरात म्हणजे तिचा नवरा. त्यांना काय म्हणायचं हे चंद्रप्रकाशला कधी ठरवता आलं नाही. भावोजी म्हणायला जीभ वळायची नाही, नाव घेणं बरं दिसायचं नाही, म्हणून तो त्यांच्याशी नेहमी नाव-गाव नसलेली वाक्यं बोलायचा. "बसा ना." "जेवण झालं का?" आजही पुलावर तो क्षणभर थबकला. पूर्वेच्या जिन्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन बाया चढत होत्या. मग मुलुंडकडची गाडी लागल्याची घोषणा झाली आणि तो घाईघाईने निघाला, जणू त्यानंतर गाडीच नव्हती.

घरी आल्यावर मनालीचा संदेश होता, तिच्याच आवाजात. तिने आधी त्याच्या भाषेला चांगलं म्हटलं, मग आवाज कोर्टातल्यासारखा सरळ झाला. "मामा, एक विचारू? एवढं जाड पुस्तक आहे, गिरणी आहे, संप आहे, चाळ आहे, पण जात कुठेय त्यात? आई कावीळ होऊन मेली नाही. तिला कावीळ झाली होती आणि ती बरी झाली. त्यानंतर तिने माझ्या बाबांशी लग्न केलं आणि मग ती तुमच्या घरात मेली. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग तुम्ही ते आजारावर का ढकललंत? वाचणारा रडतो, डोळे पुसतो, आणि कुणाचाच दोष नसतो. किती सोयीचं ना." त्याने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याला राग यायला हवा होता, पण आलं ते वेगळंच. लिहितानाची ती सकाळ त्याला आठवली. सातवं प्रकरण त्याने एका बैठकीत लिहिलं होतं, न अडखळता, आणि संपवून उठला तेव्हा त्याला फार हलकं वाटलं होतं. आपल्याला लिहिता येतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं होतं. शालनला कावीळ देताना त्याने विचार केलाच नव्हता. पेन तिथे आपोआप गेलं होतं. पिवळे डोळे, उसाचा रस, पायाशी बसलेली आई, सगळं खरंच घडलेलं. फक्त एका वळणावर, जिथून ती उठून बसली होती, तिथून त्याने तिला उठू दिलं नव्हतं. आबांनीही असंच केलं होतं की. ते तर लिहिणारे नव्हते. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, संपानंतर घरी बसलेले. त्यांनी नुसतं म्हटलं, "आजपासून ती मेली."

त्याने सातवं प्रकरण पुन्हा उघडलं. ठरवलं, शालनला जगवायचं. काविळीतून ती उठते, औषधांच्या कंपनीत इंजेक्शनच्या कुप्या भरायच्या कामावर परत जाते, तिथे तिला एक जालन्याकडचा मुलगा भेटतो, अबोल, डब्यात नेहमी भाकरी आणणारा, बौद्ध. इथपर्यंत हात चालला. मग रजिस्टर लग्न. मग "शालन घाटकोपरला राहू लागली" असं एक वाक्य त्याने लिहिलं आणि त्याच्यापुढे काही येईना. घाटकोपरला राहू लागली, आणि? तिथे पहिल्या दिवशी चूल कुणी पेटवली? सासूशी तिचं पटलं का? खरातांकडच्या बायकांनी तिला काय म्हणून हाक मारली? मुलाच्या, केतनच्या जन्माच्या वेळी तिला त्रास झाला होता असं त्याने कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. ती कामावर कधीपर्यंत गेली? तिला पुढे शिकायचं होतं, त्याचं काय झालं? तो बसून राहिला. गिरणीतल्या साच्यांचे आवाज, चाळीतल्या प्रत्येक खोलीतल्या माणसांची आडनावं, आबांच्या सदऱ्याचा वास, हे सगळं त्याला पानंच्या पानं लिहिता आलं होतं. आणि सख्ख्या बहिणीच्या आयुष्याचं एक पान लिहायचं तर त्याच्याकडे लग्नपत्रिकांवर टाकायचा पत्ता तेवढा होता. मेलेली बहीण त्याला पाठ होती. जिवंत बहीण त्याला ठाऊक नव्हती. सुहासिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, त्याचं ते संगणकाच्या पडद्याकडे बघत बसणं तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "विचार ना तिलाच. जिवंत आहे की ती."

पुढच्या आठवड्यात तो पूर्वेचा जिना उतरला. पंतनगरच्या त्या इमारतीची नवी बांधणी झाली होती, लिफ्ट आली होती. त्याच्या आठवणीत अजून जुना जिनाच होता. दार दादू खरातांनी उघडलं. अंगावर स्वच्छ पांढरा बनियन, हातात मटारच्या शेंगा. "या," ते म्हणाले, एवढंच, आणि बाजूला झाले. आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, शेजारी केतनच्या पदवीदानाचा फोटो. मालन खिडकीपाशी काळा चष्मा लावून बसली होती, पाय वर घेऊन, एखाद्या सिनेमातल्या बाईसारखी. "ये रे," ती म्हणाली. "मारेकरी आला बघा माझा." खरात हसले नाहीत, पण त्यांच्या गालावर काहीतरी हललं. चहा झाला. तिने मुलुंडची, सुहासिनीच्या गुडघ्याची, सगळी विचारपूस केली. मग त्याने चाचरत सांगितलं, की मी ते बदलतोय, तुला जिवंत ठेवतोय, पण मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. "विचार," ती म्हणाली, "पण आधी मी विचारणार. वाचक आहे ना मी? बाकीच्यांनी सांगितलं असेल ते सांगितलं असेल. मला त्या सातव्यात एक कळलं नाही. त्यात प्रेत कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोरगी मेली, बरोबर? संध्याकाळी तिला जास्त झालं, तिथे तू थांबलास. मग एकदम सकाळ, नि नळ, नि बाप बादली भरून डोक्यावर घेतोय, भाऊ घेतोय. तिरडी नाही, खांदेकरी नाहीत, स्मशान नाही. मयत झालं की माणसं आधी पोचवून येतात, मग आंघोळ. आणि ती घरच्या मोरीत करतात, चाळीच्या नळावर सगळ्यांना दाखवत नाही. मनालीला दोनदा वाचायला लावलं मी. माझं प्रेतच नाही त्यात, चंदू."

त्याच्या हातात कप होता. तो खाली ठेवायला टीपॉय जवळ होता, तरी तो त्याला धरूनच बसला. प्रांजलला हे दिसलं नव्हतं, नंदकिशोरला दिसलं नव्हतं, त्याला स्वतःला कितीदा वाचून दिसलं नव्हतं. स्वयंपाकघरातून मटार सोलण्याचा बारीक आवाज येत होता, तो थांबला.

"ती आंघोळ खरी आहे ना?" मालनने विचारलं. काळ्या काचांमुळे तिचे डोळे दिसत नव्हते. "माझ्या नावाने केली होतीत. मी निघून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तिला हे माहीतच नव्हतं. ती ते जाणून असेल, चाळीतल्या कुणीतरी कधीच सांगितलं असेल, आपण फक्त तिने गिळलेलं पुन्हा लिहितोय, असं त्याने गृहीत धरलं होतं. आणि ही बातमी तिला त्याच्याच पुस्तकातून, आपल्या मुलीच्या तोंडून, डोळ्यावर पट्टी असताना कळली होती. "हो," तो म्हणाला. "आबांनी सगळ्यांना करायला लावली." ती मान हलवत राहिली, हळूहळू, ऐकल्यासारखी नाही, मोजमाप घेतल्यासारखी. "आबांचं मी समजू शकते," ती म्हणाली. "तू पोरसवदा. अकरावीत होतास ना?" खाली कुणीतरी रिव्हर्समध्ये गाडी घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती. "आणि आई कोरडी बसली, ते? लिहिलंयस ना तू, की तिने पाणी अंगावर घेतलंच नाही, उंबऱ्यात बसून राहिली, कोरड्या लुगड्यात. आबांनी डोळे वटारले तरी उठली नाही. ते खरं आहे ना? सांग ना रे. ते तरी खरं आहे ना?"

खरं असं होतं, की त्या सकाळी आई सगळ्यांच्या आधी उठली होती. आबा अजून भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. रात्री ते बोलले ते बोलले, पण उजाडल्यावर ते ते करतील की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कदाचित त्यांनाही नाही. आई मोरीतली बादली घेऊन गॅलरीतून चालत नळावर गेली. चंद्रप्रकाश तिच्या मागे दारापर्यंत आला होता, ती पाणी भरायला चालली आहे असं समजून. तिने बादली भरली, तशीच उचलली आणि लुगड्यासकट डोक्यावरून ओतून घेतली. मग पुन्हा भरली, घरात आणली, आबांच्या अंथरुणाशी ठेवली आणि म्हणाली, "उठा." आबा तिच्याकडे बघत राहिले होते. तिच्या केसांतून पाणी जमिनीवर निथळत होतं. तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला त्यानंतर कधीच लिहिता आलं नाही. शब्द आबांचा होता, पण पाणी आईचं होतं. हे त्याने सातव्या प्रकरणात उलटं केलं होतं. उलटं केल्यावर ते वाचायला सुंदर झालं होतं. आणि आता समोर ताई बसली होती, खुर्चीच्या काठावर पुढे झुकून. केतन झाला तेव्हा आई चोरून दवाखान्यात येऊन गेली होती, अळिवाचे लाडू घेऊन. तेवढ्या एका भेटीवर ताईने आईला आयुष्यभर सांभाळून ठेवलं होतं, हे त्याला त्या क्षणी तिच्या गुडघ्यांवर घट्ट धरलेल्या हातांवरून कळलं.

"खरं आहे," तो म्हणाला. "आई बसून राहिली."

मालन मागे टेकली. "वाटलंच," ती म्हणाली. "माझी आई ती." आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं, मागितलं त्याहून कितीतरी जास्त. सासूने तिला पहिल्या दिवशी बाजरीची भाकरी थापायला दिली आणि ती थापताना तिच्या हातात फुटली, तेव्हा सगळ्या वस्तीच्या बाया बघायला जमल्या होत्या. सासू त्यांना म्हणाली, भात खाणारी आहे, शिकेल. तिचं नाव द्रौपदी, आणि पुढे ती मालनशिवाय जेवायला बसायची नाही. मालन वस्तीतल्या पोरींना कबड्डी शिकवायची, साडी खोचून. कंपनी बंद पडली तेव्हा गेटवर बसली होती. बाहेरून बारावी केली, दादूने रोज पाढे घेतल्यासारखा अभ्यास घेतला. चंद्रप्रकाश ऐकत होता आणि त्याला वाईट याचं वाटत होतं, की हे सगळं किती चांगलं आहे. मुलुंडहून इतक्या जवळ एवढं आयुष्य चाललं होतं आणि तो पुलावरून गाडी पकडत होता. निघताना तिने त्याला मटारची उसळ डब्यात भरून दिली, आणि त्यानंतर रोज फोन करू लागली, काही ना काही आठवलं म्हणून. "चंदू, हेपण घाल." मालवणीतच. त्या दोन महिन्यांत त्याला पुन्हा बहीण होती.

लिहिणं मात्र त्या एका ओळीपाशी येऊन पुन्हा पुन्हा अडायचं. बाकी त्याने सगळं सरळ केलं. कावीळ बरी झाली, जात आली, दादूचं नाव आणि गाव आलं, आबांचा शब्द जसाच्या तसा आला. राहिली बादली. आबा बादली भरतात हे आता जमेना. बाकी सगळं खरं लिहिल्यावर त्याला आबा नळावर दिसेनातच. ते भिंतीकडे तोंड करून पडलेलेच दिसायचे. आईला नळावर न्यायचं नव्हतं, ती उंबऱ्यात कोरडी बसायला हवी होती. मग बादली भरायला घरात कोण उरलं? एका दुपारी त्याने ते वाक्य लिहिलं: "बादली मी भरली." कादंबरीतला 'मी' अकरावीतला मुलगा. तो नळावर जातो, भरतो, आधी स्वतःवर ओततो, मग बापाच्या उशाशी नेऊन ठेवतो आणि म्हणतो, उठा. लिहून झाल्यावर त्याने ते परत वाचलं. ते खरं वाटत होतं. इतकं, की आपल्या हाताला बादलीच्या कडीचा वळ उठलाय का असं त्याने बघितलं.

ते ताईला त्याने स्वतःच वाचून दाखवलं. मनाली कोर्टात होती. खरात नेहमीसारखे आतल्या दारात उभे होते, चौकटीला टेकून. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मालनला पुन्हा काळा चष्मा होता. सुरुवातीला ती मध्ये मध्ये हुंकार देत होती, दादूच्या डब्यातल्या भाकरीपाशी हसलीसुद्धा. मग सकाळ आली. तो वाचत गेला, आवाज न बदलता. "बादली मी भरली" पाशी तिचा हुंकार आला नाही. तो "उठा" पर्यंत पोचला तेव्हा तिने हात वर केला.

"तू?"

"हो."

"लिहायचं म्हणून लिहिलंयस की खरं?"

"खरं."

"सांगितलं होतं कुणी तुला?"

"नाही," तो म्हणाला. "मीच."

तिने वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाली, "वाच पुढे." त्याने वाचलं. आई उंबऱ्यात बसली, कोरडी. तिथे तिने मान हलवली. प्रकरण संपल्यावर तिने पदराने नाक पुसलं. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "आधीच्यापेक्षा खूप चांगलं. आता ती मीच वाटते." तिचं बोलणं परक्या माणसाशी बोलावं तसं होतं, साफ, शहरी, मालवणी कुठे नव्हती. "तुला माझ्या काविळीत रात्र रात्र पंख्याने वारा घालायला मी सांगितलं नव्हतं, तू आपणहून घालायचास. म्हणून मला वाटायचं, घरात एक तरी... जाऊ दे. आता मला पडू दे जरा. तू ये." तो उठला. तिने त्याच्या दिशेला तोंड फिरवलं नाही.

खरात त्याला सोडायला खाली आले. लिफ्टमध्ये दोघं आरशाकडे बघत उभे होते. फाटकापाशी आल्यावर खरातांनी बनियनवर घातलेल्या सदऱ्याची गुंडी लावली आणि म्हणाले, "बादली तुम्ही नाही भरली."

चंद्रप्रकाशने त्यांच्याकडे बघितलं.

"सासूबाईंनी मला सांगितलं होतं. केतनच्या वेळी आल्या होत्या ना, तेव्हा. मालन झोपलेली होती. बाहेर बाकावर बसलो होतो दोघं, मधे एका माणसाची जागा सोडून. मला म्हणाल्या, पाणी मीच काढलं. ती खरंच गेली असती तर माझ्याने नळापर्यंत चालवलं नसतं, जिवंत आहे हे ठाऊक होतं म्हणून उठता आलं. मी नसतं काढलं तर हे रोज तिला थोडं थोडं मारत बसले असते. एकदाच काय ते करून टाकलं. आणि म्हणाल्या, आता तुम्ही तिला जिवंत ठेवा." रस्त्यावरून रिक्षा गेली. "मालनला कधी बोललो नाही. ते सांगायचं तर आंघोळीचं सांगायला लागलं असतं. नाही सांगवलं."

आईच्या त्या सकाळचा अर्थ चंद्रप्रकाशने आयुष्यभर एकट्याने लावला होता, तो झाकण्यासाठी दोनदा प्रकरण लिहिलं होतं, आणि तो अर्थ ह्या माणसाजवळ होता, मटार सोलत, चहा करत. "भावोजी," तो म्हणाला, "हे मला आधी कळलं असतं तर..."

"तुम्ही चार जणांना वाचायला दिलं," खरात म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी वर जातो. आत्ता सांगतो तिला. सगळं खोटं आहे म्हणून सांगतो."

"नको." खरातांनी त्याच्या दंडाला हात लावला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "एवढी वर्षं तिला रागवायला कुणी नव्हतं. सासरे गेले. आईवर रागवायचं नाही हे तिने ठरवूनच टाकलेलं. आज पहिल्यांदा माहेरच्या कुणावर तरी रागावलीय. रागवू द्या थोडे दिवस. आईचं मी सांगेन, वेळ बघून. ते माझ्यापाशी दिलेलं आहे, मीच सांगेन. तुमच्या पुस्तकात मात्र घालू नका."

थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही. फोन येणं बंद झालं. त्याने केलेला मनाली उचलायची आणि म्हणायची, आई झोपलीय मामा. तिचाही आवाज ओढलेला असायचा. त्याने बाड प्रांजलला पाठवलं. तिने लगेच वाचलं आणि फोन केला, अगदी खुशीत. "काका, मीच म्हटलं होतं हात लावू नका, चुकलं माझं. काय झालंय हे! झकास. तो मुलगा 'उठा' म्हणतो ना, तिथे मला खरंच त्याची भीती वाटली." मग ती जरा घुटमळली. "फक्त एक खटकलं. बोलू का? ती आई. मागच्या वेळी मीच किती कौतुक केलं होतं तिचं. पण आता बाकी सगळं इतकं खरं वाटतं ना, की ती कोरडी बसलेली आई एकदम लिहिल्यासारखी वाटते. अशी कुठली बाई असते? मला वाटतं तिनेही पाणी घेतलं असेल. बघता का जरा?"

तो मुलुंडच्या घराच्या बाल्कनीत उभा होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं. तू बरोबर बोलतेस, असं तो म्हणणार होता. एवढं नेमकं कुणीच वाचलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "ती तशीच राहू दे."